मेळावा कुत्र्यांचा की मालकांचा?



थंडी पडली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाळीव प्राण्यांच्या मेळाव्याचे बेत शिजू लागतात. पहिली सूचना ठरलेली: फॅन्सी ड्रेस! मग लॅब्राडॉरला फेटा आणि पगला नऊवारी. फोटो झकास येतात, पण कुत्र्याच्या पदरात काय पडतं? तो सारख्या जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो. आपल्याला वाटतं झोप आलीय. प्रत्यक्षात तो बावरलेला असतो.

म्हणून खेळ ठरवताना आधी त्याच्या नाकाचा विचार करा. आठ-दहा रिकामी खोकी मांडा. त्यातल्या दोन-तीन खोक्यांत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे टाका, वर वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद. एका वेळी एकच कुत्रा आणा, नाहीतर खाण्यावरून जुंपायची. आधी तो घाईघाईने सगळ्या खोक्यांवरून जातो. मग मध्येच थबकतो, मागे वळतो, नाकपुड्या भराभर हलू लागतात आणि अख्खं डोकं खोक्यात! म्हातारा, लंगडा, लाजरा, कुणालाही हा खेळ जमतो.

संगीत खुर्चीही होते, फक्त खुर्च्यांशिवाय. गाणं थांबलं की 'बस' म्हणायचं. सगळ्यात शेवटी बसेल तो बाद. लिंबू-चमचा तर जरूर ठेवा. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात चमचा, आणि समोरून मांजर गेलं तर देवच वाली!

धावण्याची शर्यत मात्र नको. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. शिवाय लातूरकडचा कारवान जातीचा वेगवान शिकारी कुत्रा कुणी आणला, तर बाकीच्यांनी कशाला पळायचं?

वेळ सकाळची आठची बरी. उशीर होऊन ऊन चढलंच, तर पालथा हात सात-आठ सेकंद फरशीवर टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. रेबीजच्या लशीचं कार्ड दारातच तपासा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे सगळं कुत्र्याला बाधतं, तेव्हा मालकमंडळींचे कांदेपोहे उंच टेबलावर. मांजरांना घरीच राहू द्या. त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवा, ती तेवढ्यावर खूश असतात.

आणि हो, गेटवरचा भटका मोत्या. नसबंदी झाल्याची खाच त्याच्या कानावर असते, लसही टोचलेली असते. त्याचा पट्टा वॉचमनकाकांच्या हाती द्या आणि त्यालाही खोक्यांच्या खेळात उतरवा. वासाच्या कामात तो पहिला यायचा संभव दांडगा. बिनमालकाच्या कुत्र्याला बक्षीस द्यायचं का, यावर कमिटीत वाद होणारच. तेवढा ठराव मेळाव्याच्या आधी मंजूर करून घ्या.