गोधडीची भिंत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘घरची कला’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोधडीवर बोलायला मला उभं केलेलं पाहून काही भगिनी हसल्या, ते बरोबरच आहे. मी सरकारी बांधकाम खात्यातला डिप्लोमावाला माणूस. सुई-दोऱ्याशी माझा संबंध शर्टाच्या बटणापुरता. तेव्हा टाक्यांबद्दल मी बोलणार नाही. मी बोलणार आहे एका भिंतीबद्दल, कारण भिंत हा माझा विषय आहे.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही टीव्ही, गॅस, कागदपत्रं वर चढवली, पण पलंगाखालची आईची ट्रंक राहून गेली. त्या ट्रंकेत आजीची दोन नऊवारी लुगडी, वडिलांची धोतरं आणि आम्हा भावंडांचे लहानपणचे कपडे होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर सगळं चिखलात माखलेलं. आईने चार-चार पाण्यांतून कपडे काढले, गच्चीवर वाळवले. बरेच विरले, बऱ्याचवर डाग राहिले. मी म्हटलं, “आई, आता टाकून देऊ या.” ती काही बोलली नाही. चांगले भाग कापून तिने एका पिशवीत भरून ठेवले.

आईने उभ्या आयुष्यात वीसेक गोधड्या शिवल्या असतील. पण गोधडी जमिनीवर मांडावी लागते. तुकडे पसरायचे, भोवती फिरायचं, वाकून इकडचा तिकडे करायचा. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिचं खाली बसणं बंद झालं, आणि गोधडीही बंद झाली. ती पिशवी सहा महिने खुंटीला तशीच होती.

एकदा माझी मुलगी मोबाइलवर परदेशातल्या बायकांचं काम बघत होती. त्या बायका तुकडे जमिनीवर मांडत नाहीत, भिंतीवर चिकटवतात. डिंक नाही, टाचणी नाही. तुकडा ठेवला की राहतो, उचलला की निघतो. तिकडे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवलं होतं. अंथरुणातली वस्तू उभी करून पाहिली की तिच्यातली रचना लोकांना दिसते. आमच्या घरी मात्र प्रश्न रचनेचा नव्हता, गुडघ्यांचा होता.

मी कागद घेऊन बसलो. आधी माप. आई खुर्चीत बसली की तिचा हात जमिनीपासून साधारण ५ फुटांपर्यंत जातो. एकेरी गोधडी ६ फूट बाय ४ फूट. ती उभी धरली तर वरचा भाग हाताबाहेर जातो, म्हणून आडवी धरली. रुंदी ६, उंची ४. खालची कड जमिनीपासून दीड फुटावर. म्हणजे वरचं अर्धा फूटच दुसऱ्या कुणी लावायचं. सलग फळी जिन्यातून नेता येत नाही, म्हणून ४ फूट उंच, ३ फूट रुंद अशा दोन फळ्या केल्या. ८ बाय ४ च्या ६ मिलिमीटर जाडीच्या एका प्लायमधून दोन्ही निघतात.

प्लायवर एक इंची थर्मोकोल. १ मीटर बाय अर्धा मीटरच्या ५ शीट पुरतात. एका शीटमधून दोन्ही फळ्यांच्या वरच्या पट्ट्या निघतात. थर्मोकोल अशासाठी की फळी हलकी राहते आणि गरज पडली तर टाचणी रुतते. इथे मी चूक केली ती सांगतो. सनमायका चिकटवायचं रबरी सोल्युशन घरात होतं, तेच लावलं. पाच मिनिटांत थर्मोकोलला खड्डे पडले. त्यातलं द्रावक थर्मोकोल विरघळवतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. आई म्हणाली, “इंजिनिअर ना रे तू?” दुसऱ्या खेपेला सुताराचा पांढरा गोंद लावला, वर वजन ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

त्यावर कापड. बाळाच्या दुपट्याला वापरतात ते सुती फलालीन. त्याला लव असते, आणि सुती तुकड्याचे तंतू त्या लवेत अडकतात; सगळी जादू एवढीच. मी पांढरं आणणार होतो. सौ. म्हणाली, “धोतराचे तुकडे पांढरे, ते पांढऱ्यावर दिसणार कसे?” म्हणून फिकट करडा रंग घेतला. ५४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं. आधी धुऊन घ्या, कारण फलालीन आटतं. ताणूनताणून ओढू नका, सुरकुती जाईल एवढंच. मग पाठीमागे वळवून पिना मारा. शेवटी दोन्ही फळ्या बिजागरीने जोडा, म्हणजे काम नसताना पुस्तकासारख्या मिटून कपाटामागे जातात.

ठेवताना दोन गोष्टी सांभाळा. फळी अगदी उभी नको. खालची कड भिंतीपासून चारेक इंच पुढे ठेवून वरची टेकवा. थोड्या उतारावर तुकडे चांगले धरतात, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीशी कापड चिकटत नाही. दुसरी गोष्ट आपल्याच घरांतली. तिकडच्या बायकांना पंख्याचा त्रास नसावा. आमच्याकडे पहिल्या दिवशी आईने अर्धी गोधडी मांडली, मी ऑफिसातून येऊन सवयीने पंख्याचं बटण दाबलं आणि आजीचं लुगडं खोलीभर उडालं! तेव्हापासून पंखा हवाच असेल तर प्रत्येक तुकड्याला एक टाचणी. रेशमी आणि पॉलिएस्टरचे तुकडे पंखा नसतानाही घसरतात, त्यांना टाचणी लावाच.

मग आई खुर्चीत बसून तुकडे लावू लागली. जवळून लावायचं आणि आठ-दहा फुटांवर खुर्ची नेऊन बघायचं. मुलगी मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून दाखवायची, म्हणजे रंगाची भूल जाते आणि गडद कुठे, फिकं कुठे ते कळतं. आई म्हणाली, “आम्ही यासाठी डोळे किलकिले करायचो.” करून पाहा, दोन्हींचं उत्तर एकच येतं.

जमिनीवर मांडलेलं रात्री गोळा करावं लागतं. भिंतीवरचं राहतं. जाता-येता आई बघायची, एखादा तुकडा हलवायची. असे तीन आठवडे गेले. बहिणीची आणि माझी दोघांचीही मनातून इच्छा होती की ही गोधडी आपल्याकडे यावी. बोललं कुणीच नव्हतं. एका रविवारी आईने वरपासून खालपर्यंत हात फिरवून मधली रांग मोकळी केली आणि म्हणाली, “याच्या दोन लहान करते. आजीचं काठ दोन्हींत येतं.” शिवल्यावर हे सुचलं असतं तर उसवावं लागलं असतं, किंवा मग आम्हा दोघांपैकी एकाला मन मारावं लागलं असतं.

वडिलांच्या धोतराच्या एका तुकड्यावर पुराचा पिवळट डाग होता. मी तो काढून बाजूला ठेवला होता. आईने तो उचलून माझ्या गोधडीच्या मधोमध लावला. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे. पाणी आलं होतं ना?”

रांगा सुटू नयेत म्हणून प्रत्येक रांगेच्या पहिल्या तुकड्याला चिठ्ठी टाचून क्रमांक घातला. खालचे थर जमिनीवर सौ.ने आणि मी पसरले, आईने खुर्चीतून हुकूम दिले. लहान गोधडी मांडीवर मावते, त्यामुळे धावदोरा सगळा तिचाच आहे.

आपल्या शहरात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, हाताने काम करणाऱ्याला शास्त्र मिळावं म्हणून. मी त्याच परंपरेतल्या शिक्षणावर पोट भरतो. पण वीस वर्षांच्या नोकरीत मी मापं घेतली ती रस्त्यांची आणि इमारतींची. आईचा हात कुठवर पोहोचतो हे माप पहिल्यांदाच घेतलं.

त्या दोन फळ्या आज सभागृहाच्या मागच्या बाजूला ठेवल्या आहेत. कार्यक्रमानंतर हात लावून बघा. पुढचे दोन महिने त्या मंडळातच राहतील; ज्यांच्या घरी अशी एखादी पिशवी खुंटीला आहे, त्यांनी घेऊन यावी. खुर्चीची सोय आहे. पंखा मी बंद ठेवीन.

गणपती बाप्पा मोरया!