उद्योगारंभाचा अधिकार



नेमावर हे नर्मदामाईचे नाभिस्थान मानले जाते. समोरच्या तीरावर हंडिया, अलीकडे सिद्धनाथाचे प्राचीन मंदिर. येथे विसावलेला परिक्रमावासी मागची वाट आठवतो आणि पुढचीही मोजतो. गृहस्थाच्या आयुष्यातही असा एक घाट येतो. नोकरी असते, वेतन नियमित मिळते. तरी स्वतःचा व्यवसाय काढावा अशी ऊर्मी उठते. मग तरुण वडीलधाऱ्यांस विचारतो, ‘नोकरी केव्हा सोडावी?’ मुहूर्त पंचांगात सापडेल. पण त्याआधी पाहावयाचे ते निराळेच आहे.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे तपासण्याची रीत आहे. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. हीच कसोटी उद्योगास लावावी. उदाहरणार्थ लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पाहावे.

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु डोळ्यांस रंगभेद नीट उमगेना. तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे यंत्रविद्या त्यांच्या हाती मुरली. हा अधिकार होय. शिवाय नोकरीत असतानाच बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावी सायकलींचा व्यवसाय आरंभिला होता. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. अपमान हे केवळ निमित्त ठरले. तयारी आधीच झालेली होती. निव्वळ रागाने सोडलेली नोकरी स्मशानवैराग्यासारखी असते. घरी परतताच वैराग्य ओसरते आणि मागे चिंता उरते.

विषय म्हणजे करावयाची वस्तू. त्यांनी वैरण कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निवडला. संबंध म्हणजे ती वस्तू आणि घेणाऱ्याची गरज यांचा सांधा. येथेच खरी परीक्षा झाली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! वस्तू उत्तम असूनही हा विलंब. म्हणून नोकरी सोडू पाहणाऱ्याने पत्नीस आणि आईवडिलांस जवळ बसवून विचारावे, ‘दोन वर्षे काही विकले गेले नाही, तर चूल कशी पेटेल?’ याचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली कुंडल स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. संकटात असा आधार मिळतो, तो आधी दिसलेल्या सचोटीमुळे आणि कामामुळे.

शेवटचे अंग प्रयोजन. वरिष्ठ नको म्हणून उद्योग काढणाऱ्यास प्रत्येक गिऱ्हाईक वरिष्ठ भासू लागते. शेतकऱ्याचे कष्ट हलके व्हावेत, चार घरांस काम मिळावे, असे प्रयोजन असेल तर विलंबही सोसवतो. ज्यास ते सापडत नाही, त्याने नोकरीच निष्ठेने करावी. तीही सेवाच आहे.

नावाडी धारेचा अंदाज घेतल्यावाचून नाव सोडीत नाही. परंतु प्रवाह थांबेल मग निघू, असे म्हणणारा याच काठावर राहतो. अंदाज घ्यावा, घरच्यांचा निरोप घ्यावा आणि मग वल्हे मारावे.

नर्मदे हर!