सोमाली भगिनींचे सहावे कूळ
(उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी सोमालिया देशातील स्त्रियांच्या राजकीय लढ्याचा विषय निवडला आहे. अरबी समुद्राच्या पलीकडे, आफ्रिकेच्या पूर्व टोकाशी असलेल्या ह्या देशाशी आपला संबंध काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. तेथील बहुसंख्य लोकांची भाषा एक आहे, धर्म एक आहे आणि तो धर्म ईश्वरापुढे सर्व माणसे समान आहेत असे सांगतो. असे असूनही राज्यकारभारातील माणसाचा वाटा तेथे जन्मावरून ठरतो. धर्माने समता सांगितली म्हणजे समाजात समता आलीच, असे मानून स्वस्थ बसता येत नाही, हे ह्या उदाहरणावरून कळते. नव्याने धम्मात आलेल्या आपल्या समाजाने ते नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम तेथील समाजरचना पाहू. सोमाली समाज कुळांत विभागलेला आहे. दारोद, हाविये, दिर आणि रहनवेन ही चार मोठी कुळे होत. ह्या चारांत न बसणारे लोक पुष्कळ आहेत: नदीकाठचे बंटू शेतकरी, किनाऱ्यावरील बेनादिरी व्यापारी, लोहारकाम करणारे तुमाल, चामड्याचे काम करणारे मधिबान, यिबिर इत्यादी. ह्यांपैकी कारागीर जातींशी मोठ्या कुळांतील लोक सोयरीक करीत नाहीत. आपणांस हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. २००० सालापासून तेथील संसदेतील जागा ‘साडेचार’च्या सूत्राने वाटल्या जाऊ लागल्या. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सर्वांना मिळून अर्धा, असे ते सूत्र. लोकसभागृहाच्या २७५ जागांपैकी चार कुळांना प्रत्येकी ६१ आणि बाकी सर्वांना मिळून ३१ जागा, असा त्याचा हिशेब होतो. कागदावर उघडपणे माणसाला अर्धा ठरविणारी अशी राज्यव्यवस्था क्वचितच आढळेल.

ह्या हिशेबात स्त्री कोठे बसते? ती बापाच्या कुळात जन्मते आणि पुष्कळदा दुसऱ्या कुळात नांदते. बापाचे कूळ म्हणते, हिला जागा दिली तर ती नवऱ्याच्या कुळाचे हित पाहील. नवऱ्याचे कूळ म्हणते, ही मुळात आपली नव्हेच. अशा रीतीने अर्ध्याहून अर्धी होऊन ती दोन्ही दारांबाहेर राहते.

वस्तुतः सोमाली स्त्री सार्वजनिक कार्यात कधी मागे नव्हती. १९४८ साली मोगादिशू येथे स्वातंत्र्याच्या चळवळीतील दंगलीत हावो ताको ही स्त्री मारली गेली. तिचे स्मारक त्या शहरात उभारले गेले. इटलीच्या प्रशासनाखालील दक्षिण भागात १९५८ सालच्या नगरपालिका निवडणुकांत स्त्रियांनी प्रथम मतदान केले. १९६० साली देश स्वतंत्र झाला. परंतु पूर्वी ब्रिटिशांकडे असलेल्या उत्तर भागातील स्त्रियांना मताधिकारासाठी १९६३ सालापर्यंत थांबावे लागले.

१९६९ साली सैन्याने सत्ता घेतली आणि महंमद सियाद बरे हे हुकूमशहा झाले. १९७५ साली त्यांनी कौटुंबिक कायदा करून स्त्रीला वारसाहक्कात पुरुषाबरोबर समान वाटा दिला. कायद्यास विरोध करणाऱ्या दहा धर्मगुरूंना त्यांनी गोळ्या घालून ठार केले. कायदा चांगला होता, परंतु तो बंदुकीच्या धाकाने आला आणि त्यामुळे स्त्रीची समता व हुकूमशहाचा जुलूम ह्या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या. १९७७ साली निघालेली स्त्रियांची संघटनाही सत्ताधारी पक्षाचीच होती. १९९१ साली राजवट कोसळली तेव्हा तिने दिलेल्या हक्कांच्या मागे उभी राहील अशी स्वतंत्र शक्ती उरली नव्हती. आपल्या पूज्य बाबासाहेबांनी हिंदु कोड बिलासाठी संसदेत एकेका कलमावर युक्तिवाद केला आणि ते पुढे जात नाही असे दिसताच १९५१ साली मंत्रिपद सोडले. हक्क लोकमत घडवून, कायद्याच्या मार्गाने मिळविण्यास वेळ लागतो, पण तसा मिळविलेला हक्क राजाबरोबर मरत नाही.

१९९१ नंतर यादवी युद्ध पेटले. पुरुष कुळाकुळांत विभागून लढत होते, तेव्हा घर, बाजार आणि दवाखाने स्त्रियांनी चालविले. त्यांत डॉ. हावा अब्दी ह्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्या वैद्यक व कायदा दोन्ही शिकलेल्या होत्या. १९८३ साली मोगादिशूजवळ त्यांनी दवाखाना काढला आणि युद्धाच्या काळात त्याच्या भोवती हजारो निराश्रितांची वस्ती उभी राहिली. त्या वस्तीत त्यांचे दोन नियम होते. कोणी आपले कूळ सांगावयाचे नाही आणि कोणी बायकोला मारावयाचे नाही. मारणाऱ्यास त्या कोठडीत बंद करीत. २०१० साली सशस्त्र अतिरेक्यांनी दवाखान्याचा ताबा घेतला, तेव्हा एका बाईने एवढा कारभार कसा करावा, असा त्यांचा आक्षेप होता. बाई डगमगल्या नाहीत. अखेर त्या लोकांना लेखी माफी द्यावी लागली. २०२० साली त्यांचे निधन झाले. कूळभेद आणि स्त्रीची मारहाण ह्या दोन्ही गोष्टी एकाच दारावर रोखल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

आता मूळ विषयाकडे येतो. २००० साली शेजारच्या जिबुती देशात आर्ता येथे शांतता परिषद भरली. प्रतिनिधित्व कुळांप्रमाणे होते: चार मोठी कुळे आणि पाचवा अल्पसंख्यांचा गट. त्या वेळी आशा हाजी एल्मी ह्या बाईंच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या कुळांतील स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी जाहीर केले की, आमचे कूळ सहावे आहे आणि ते स्त्रियांचे आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात बापाचे कूळ एक आणि पतीचे दुसरे होते, आणि ती दोन्ही एकमेकांशी लढत होती. सहाव्या कुळाला परिषदेत स्थान मिळाले आणि तेथे मंजूर झालेल्या सनदेत २४५ सभासदांच्या सभेत किमान २५ जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. २००४ साली नैरोबी येथील करारावर आशाबाईंनी सहाव्या कुळाच्या वतीने सही केली. २००८ साली स्वीडनमध्ये दिला जाणारा ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार त्यांना मिळाला.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. पुढील भाग कायद्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. २०१२ सालच्या फेब्रुवारीत गारोवे येथील राजकीय करारात संसदेत स्त्रियांसाठी किमान ३० टक्के जागांचे वचन दिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तात्पुरती राज्यघटना मंजूर झाली. तिच्या अकराव्या कलमाने लिंग, कूळ, व्यवसाय, जन्म इत्यादी भेद न मानता सर्व नागरिक समान ठरविले. तिसऱ्या कलमाने सर्व राष्ट्रीय संस्थांत स्त्रियांचा समावेश प्रभावी रीतीने झाला पाहिजे असे सांगितले. मात्र ३० हा आकडा घटनेत कोठेही घातला गेला नाही. तो करारात राहिला, भाषणात राहिला, घटनेच्या कलमात आला नाही.

ह्याचा परिणाम पाहा. २०१२ च्या संसदेत स्त्रिया सुमारे १४ टक्के आल्या. २०१६-१७ साली दोन्ही सभागृहांच्या ३२९ सभासदांत ८० स्त्रिया होत्या, म्हणजे सुमारे २४ टक्के. २०२१ च्या निवडणूक-करारात ३० टक्क्यांचे वचन पुन्हा दिले गेले आणि उमेदवारीचे शुल्कही स्त्रियांना निम्मे करण्यात आले. तरी २०२२ साली पूर्ण झालेल्या निवडणुकीत प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर घसरले. त्याच साली सादिया यासीन हाजी समतर ह्या लोकसभागृहाच्या पहिल्या स्त्री उपसभापती झाल्या, आणि २०१२ साली फौजिया युसूफ हाजी आदान ह्या परराष्ट्रमंत्री झाल्या होत्या. ही नावे भूषणास्पद आहेत. पण एका स्त्रीला उच्चासन मिळणे आणि स्त्रियांना हक्क मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वचन पाळले गेले नाही, त्याचे कारण निवडणूक करणाऱ्यांत सापडते. २०१२ साली संसदेचे सभासद १३५ कूळप्रमुखांनी नेमले. २०१६ साली दर जागेसाठी ५१ प्रतिनिधींनी मत दिले, त्यांत १६ स्त्रिया होत्या. परंतु ते प्रतिनिधी ठरविणारे पुन्हा कुळाचे वडीलधारेच होते. १९३२ साली पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांपुढे हाच प्रश्न होता: राखीव जागेवर बसणारा मनुष्य कोणाच्या मतांवर निवडून येणार? ज्याच्या मतावर जागा मिळते, त्याच्याच तोंडाकडे प्रतिनिधी पाहतो.

थेट मतदान आले म्हणजे सर्व साधेल काय? १९९१ साली स्वतःस स्वतंत्र जाहीर केलेल्या उत्तरेकडील सोमालीलँडमध्ये प्रत्येकास एक मत आहे. एडना आदान इस्माइल ह्या तेथे २००३ ते २००६ पर्यंत परराष्ट्रमंत्री होत्या. २०२१ साली ८२ जागांच्या सभागृहासाठी १३ स्त्रिया उभ्या राहिल्या आणि एकही निवडून आली नाही. त्याच निवडणुकीत हीन लेखल्या गेलेल्या गबोये समाजातील बरखाद जामा बातून हे हर्गेयसा येथून निवडून आले आणि सर्व उमेदवारांत अधिक मते त्यांनाच पडली. मताचा अधिकार एका दलित समाजाच्या मनुष्यास वर आणू शकला, ही आपणांस आनंदाची गोष्ट आहे. स्त्रीसाठी मात्र तेवढा पुरला नाही. तिला मताबरोबर कायद्याने राखलेली जागाही हवी होती.

आणि ह्या मार्गावर चालणाऱ्या स्त्रियांनी प्राणांचे मोल दिले आहे. गायिका आणि संसदसभासद सादो अली वारसामे ह्यांची २०१४ साली मोगादिशूत हत्या झाली. अमीना मोहमद अब्दी ह्या निर्भीड सभासद २०२२ च्या मार्चमध्ये बेलेदवेने येथे पुन्हा निवडून येण्यासाठी प्रचार करीत असता बाँबस्फोटात मारल्या गेल्या. एवढे भय समोर असूनही स्त्रिया उमेदवारी अर्ज भरतात, ह्यापुढे आपण मस्तक नमविले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळतो. १९५६ साली नागपूरच्या भूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे आपण मानले आहे. तरीही मुलामुलींची लग्ने जुळविताना आपल्यांतही पोटजात विचारली जाते. विहाराची सभा स्त्रियांनी भरते आणि कार्यकारिणी पुरुषांनी भरते. बायकांना कोण नको म्हणतो, असे आपले पुढारी म्हणतात. सोमालियातही कोणी नको म्हणत नव्हते. वचन तर तीसतीस टक्क्यांचे होते.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक विहाराच्या, प्रत्येक पंचायतीच्या घटनेत दुरुस्ती करून कार्यकारिणीच्या निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या राहतील हे कलम आकड्यासह लिहावे. त्या जागांवरील सभासद स्त्रियांच्याच सभेने निवडावेत. अध्यक्षांनी नेमू नयेत. चिटणीस व खजिनदार ह्यांपैकी एक पद स्त्रीकडे असावे, कारण हिशेबाची वही ज्याच्या हाती नाही, त्याच्या हाती कारभार नाही. उपासिकांनी हा ठराव येत्या वार्षिक सभेत स्वतः मांडावा आणि बांधवांनी त्यास अनुमोदन द्यावे. महाप्रजापती गौतमींनी पायी चालत जाऊन संघात प्रवेश मागितला होता. त्यांच्या लेकींनी विहाराच्या कार्यालयापर्यंत चालत जाण्यास संकोच का करावा?

जय भीम!