पायाला पॅड, मांडीला गादी

क्रिकेटचा चेंडू साधारण 156 ते 163 ग्रॅमचा. तो ताशी 140 किलोमीटर वेगाने नडगीवर आदळला, तर हाड मोडायला वेळ लागत नाही. पॅड चेंडूचा सगळा वेग गिळत नाही. तो मुख्यतः दोन कामं करतो: आघात मोठ्या भागावर पसरवतो आणि चेंडू थांबायला क्षणाचा अंश जास्त देतो. तेवढ्यानेच मार सोसवतो.

जुन्या पॅडमध्ये वेताच्या उभ्या पट्ट्या आणि मागे कापसाचं भरण असे. घाम आणि दव पिऊन ते असे जड होत की चोरटी धाव घेताना जीव मेटाकुटीला येई. आता दाट फोम आला, चामडी पट्टे आणि बकलांच्या जागी वेल्क्रो आलं. मांडीची गादी मात्र पँटच्या आत, कुणाला न दिसणारी. तिचं मोल पहिला चेंडू मांडीवर बसल्यावर कळतं! सुनील गावसकर 1980 च्या दशकात टोपीखाली फायबरग्लासचं कवच घालत, तेही असंच सहसा नजरेत न भरणारं.

खेळ संपल्यावर ओले पॅड पिशवीत कोंबू नका, सावलीत वाळवा. दबून पुन्हा न फुगणारा फोम निकामी समजावा. आणि पालकांनो, मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्या, पॅड नको. गुडघा पॅडच्या गुडघ्यापाशीच यायला हवा. दुकानात बांधून, दोन पावलं पळायला लावून मगच पैसे द्या.