चिलटांची वाटणी



कामगार चळवळीतला माणूस माशांवर काय बोलणार, असे काहींच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. पण हजेरीपटावरचे नाव आणि ज्येष्ठतेची यादी यांवरून आम्ही इतकी वर्षे भांडत आलो की, हा तंटा वाचताच ओळखीचा वाटला.

पिकल्या केळ्यांभोवतीची चिलटे सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतल्या एका जातीचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर. आंबा पोखरणारी फळमाशी ती ही नव्हे. तिचे कुळच वेगळे. आपले चिलट आंबू लागलेल्या फळावरच्या यीस्टवर जगते. 1910 मध्ये मॉर्गनसाहेबांना न्यूयॉर्कला पांढऱ्या डोळ्यांचे एक चिलट सापडले, आणि गुणसूत्रे आनुवंशिक गुण वाहतात हे दाखविण्याची वाट मोकळी झाली. 1933 चे नोबेल त्यांना मिळाले. राबलेल्या चिलटांना काय मिळाले, ते विचारू नये!

ड्रॉसोफिला ही प्रजाती, म्हणजे जातींचे घराणे, फालेन यांनी 1823 मध्ये स्थापिले. अशा प्रत्येक घराण्याची एक नमुना-जाती असते. घराण्याचे नाव त्या खुंट्याला बांधलेले. येथे तो मान फ्युनेब्रिस नावाच्या चिलटाचा. मेलॅनोगास्टरचे वर्णन 1830 चे. 1939 मध्ये स्टर्टेव्हंट यांनी तिला सोफोफोरा या पोटघराण्यात घातले. पुढे डीएनए तपासल्यावर दिसले की, सोफोफोराची फांदी फार आधी फुटलेली. उलट स्कॅप्टोमायझासारखी वेगळी मानलेली घराणी फ्युनेब्रिसला तिच्याहून जवळची. म्हणजे सख्खे घराबाहेर आणि चुलत घरात! एक तर सर्वांना एका छपराखाली घ्या, नाहीतर वाटणी करा. वाटणीत ड्रॉसोफिला हे नाव नियमाने फ्युनेब्रिसकडे राहणार आणि जगप्रसिद्ध चिलट सोफोफोरा होणार.

म्हणून अर्ज गेला: मेलॅनोगास्टरलाच नमुना ठरवा. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने तो बहुमताने फेटाळला. काहींना हा हटवाद वाटला; आम्हांला नाही. एका कारखान्यात मर्जीतल्या माणसासाठी ज्येष्ठतेची यादी फिरविलेली आम्ही पाहिली आहे. खालची सारी नावे एकेक पायरी घसरली. अर्थात अर्जदारांचे म्हणणेही पोकळ नव्हते: शंभर वर्षांचे संशोधन ज्या नावाने लिहिले गेले, ते बदलल्यास नव्या विद्यार्थ्याने जुने कागद शोधायचे कसे?

मात्र आयोगाने वाटणीचा हुकूम दिलेला नाही. घराणे कसे मांडायचे हे वर्गीकरण करणाऱ्यांवर सोपविलेले असते, आणि बहुतेकांनी एकत्र कुटुंबच पसंत केले. प्रयोगशाळांतल्या बाटल्यांवर आजही ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर हीच चिठ्ठी असते.