भेकाचा पाहुणचार

जूनच्या अखेरीस लखनौवर पावसाची जोरदार सर कोसळली, की लू चुकवून कुंड्यांखाली आणि पडक्या भिंतींच्या विटांआड दडून बसलेले भेक बाहेर पडू लागतात. रस्त्यावरचे दिवे लागले म्हणजे हे गृहस्थ त्यांच्याखाली बैठक मारतात आणि खाली पडणारे किडे जिभेने टिपतात. भेक हा बेडकाचाच भाऊबंद. परंतु त्याची कातडी कोरडी व खरबरीत, अंगावर चामखिळींसारखे उंचवटे आणि मागचे पाय आखूड. एखादे मूल त्याला उचलून घरी आणते व काचेच्या बरणीत ठेवते. आठ-पंधरा दिवसांत बरणी रिकामी होते. ‘काही खाईना, म्हणून मेला,’ असे घरची माणसे म्हणतात. तो का खाईना, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पहिले कारण साधे आहे. निश्चल वस्तू भेकाला अन्न वाटतच नाही. समोर काही हालले तरच त्याची जीभ सुटते. तेव्हा भाताची शिते, पोळीचे तुकडे अथवा मेलेल्या माश्या त्याच्यापुढे ठेवणे व्यर्थ होय. त्याला जिवंत रातकिडे, गांडुळे, वाळवी हवी. भक्ष्य त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसावे. पूर्ण वाढलेल्या भेकाला दोन-तीन दिवसांआड काही किडे पुरतात. त्या किड्यांना आदल्या दिवशी पालेभाजी खाऊ घालून वर कॅल्शियमची पूड भुरभुरली, तर हाडांना बळ येते. घरातील झुरळ मात्र देऊ नये. त्याच्या अंगी कीटकनाशक असण्याचा संभव फार.

एवढे केले तरी तो तोंड फिरवतो, आणि येथे दुसरे कारण पुढे येते. ते म्हणजे भय. चहूंकडून उघड्या काचेत त्याला आडोसा नसतो. तो नाक काचेवर घासत राहतो, अंग फुगवून बसतो. भय लांबले, की शरीरात कॉर्टिकोस्टेरोन नावाचे संप्रेरक वाढून राहते व रोगाशी झुंजण्याची शक्ती खालावते. त्यात मुले त्याला दिवसातून दहा वेळा हातात घेणार! भेक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो. तीच कातडी हाताचा साबण आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनही शोषून घेते. पाणी एक दिवस उघडे ठेवून मग उथळ बशीत द्यावे. खाली चार बोटे ओलसर माती, एक फुटके खापर आडोशाला, तीन बाजूंना कागद, आणि पहिले काही दिवस संपूर्ण एकांत, एवढे त्याला पुरे होते.

लखनौचा पाहुणचार प्रसिद्ध आहे. पण त्यातला आग्रह भेकाच्या कामाचा नाही. येथील प्राणिसंग्रहालय १९२१ साली स्थापन झाले व २०१५ पासून ते नवाब वाजिद अली शाह यांच्या नावाने ओळखले जाते. हे नवाबसाहेब प्राण्यांचे मोठे षोकी. १८५६ साली राज्य गेल्यावर कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे त्यांनी खोल हौदात कृत्रिम टेकडी उभारून सर्प पाळले होते. अब्दुल हलीम शरर यांनी त्याचे वर्णन केले आहे. बेडूक तेथेही होते. मात्र सर्पांचे भक्ष्य म्हणून! बिचाऱ्याच्या वाट्याला राजाश्रय आला तो असा.

डिसेंबरात लखनौवर धुके उतरते, तेव्हा भेक मंदावतो. थंडीत अन्न पचत नाही; त्या दिवसांत उपवास हा आजार समजून किडा तोंडात कोंबू नये. एरवी जेवणाची वेळ रात्रीची. दिवा मालवताना रातकिडे मोजून सोडावेत व सकाळी पुन्हा मोजावेत. उरलेले लगेच काढून घ्यावेत, कारण भुकेले रातकिडे निजलेल्या भेकाची कातडी कुरतडतात. पाच सोडून सकाळी दोन सापडले, तर खापराआडचा पाहुणा रात्री जेवला, असे खुशाल समजावे.