बजबजचे चार हिवाळे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात केलेले भाषण)



परप्रांतातील मराठी कुटुंब आणि त्यातील मुले या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही केंद्र सरकारचे नोकर, विद्वान नव्हे. बदलीचा हुकूम येताच संसार उचलून चालू लागणे, एवढाच आमचा या विषयातील अधिकार. तेव्हा सिद्धान्त न मांडता बजबज येथे काढलेल्या चार हिवाळ्यांची हकिगत सांगतो.

बजबज हे कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व काठावरील गाव. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या आणि सियालदहला जाणारी लोकल ही त्याची ओळख. नोव्हेंबर 2001 मध्ये आम्ही तेथे उतरलो, तेव्हा थोरली मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा होता. आमचे मूळ गाव वाई. सरकारी नियमाप्रमाणे मूळ गावी जाण्याची प्रवास सवलत दोन वर्षांतून एकदा. हावड्याहून पुण्यापर्यंत आगगाडीत दोन रात्री, पुढे वाई. म्हणजे एकाआड एक हिवाळा बंगालमध्येच काढणे प्राप्त होते. प्रारंभी आम्हांस ही शिक्षा वाटली. पुढे ध्यानात आले की मुलांचे खरे शिक्षण याच हिवाळ्यांत झाले.

बंगाली माणूस थंडीला फार मानतो. पारा चौदा अंशांवर येण्याचा अवकाश, की आबालवृद्ध मंकी कॅपमध्ये शिरतात. आमची मुले उघड्या डोक्याने हिंडताना पाहून शेजारच्या आजीबाई आम्हांस खुशाल रागे भरत. रजई भरणारे पिंजारी गल्लोगल्ली फिरू लागत. तेथे रजईला 'लेप' म्हणतात, त्यामुळे 'आज लेप उन्हात घातला' हे वाक्य आमच्या घरी पुष्कळ दिवस हशाचा विषय झाले होते. मावशीला बंगालीत 'माशी' म्हणतात. 'आई, माशी आली,' असे मुलीने ओरडावे आणि सौ.नी हातात फडके घेऊन बाहेर यावे, तो दारात शेजारीण उभी!

भाषेचा गोंधळ हसण्यावारी नेता येतो. रीतीभातींचा तितका सहज सुटत नाही. जानेवारी 2002 मधील संक्रांत ही धाकट्याची पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण करावयाचे. तिळगुळाची अडचण नव्हती. तेथेही पौषसंक्रांतीला तिळाचे लाडू असतात, खजुराच्या रसाच्या नव्या गुळाची पिठे असतात. अडचण आली ती बोरांची. सरस्वतीपूजेपूर्वी बोर खाल्ले तर देवी रुसते आणि परीक्षेत विद्या दगा देते, अशी तेथील शाळकरी मुलांची समजूत. आमच्या मुलीने शाळेतून येऊन निक्षून सांगितले की ती बोराला स्पर्शही करणार नाही. आपल्याच भावाच्या बोरन्हाणात बहिणीने आणि तिच्या मैत्रिणींनी कोपऱ्यात उभे राहावे, हे काही मनाला येईना.

तोड पंचांगात सापडली. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. सरस्वतीपूजा माघ शुद्ध पंचमीला, रथसप्तमी त्यानंतर दोनच दिवसांनी. तेवढी फट आम्हांस पुरेशी होती. षष्ठीच्या दिवशी बोरन्हाण केले. गल्लीतील बंगाली मुलांनी बोरे, चुरमुरे, उसाचे करवे अशी लूट केली की आमच्या वाईतही तसे बोरन्हाण झाले नसेल. दोन्ही देवतांचा मान राहिला. तेव्हापासून आमचे असे मत झाले, की दोन रीतींत विरोध दिसला तर भांडण्यापूर्वी पंचांग उघडून पाहावे. पुष्कळदा मध्ये एक मोकळी तिथी असते.

परंतु प्रत्येक प्रश्नाला अशी तिथी सापडत नाही. शेजारच्या आजीबाई धाकट्याला मांडीवर घेऊन अंगाई गात. बंगालमध्ये घरोघरी गायिली जाणारी ही अंगाई. तिच्यात बर्गी देशात आल्याची भीती आहे. 'बर्गी म्हणजे कोण?' असे मुलीने विचारले, आणि आजीबाई आमच्याकडे पाहून गप्प झाल्या. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारे स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून 1751 पर्यंत बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावे लुटली, जाळली. त्यांच्याच धास्तीने इंग्रजांनी कोलकात्याभोवती मराठा खंदक खणावयास घेतला. आमच्या इतिहासात त्या पराक्रमाच्या मोहिमा, त्यांच्या अंगाईत ती काळरात्र. मुलीने विचारले, 'बाबा, म्हणजे ते आपले लोक?' आम्ही 'हो' म्हणालो. पुढे काही दिवस आजीबाई ती अंगाई टाळू लागल्या. तेव्हा सौ.नी आपण होऊन त्यांना ती पुन्हा गावयास सांगितली. शेजाऱ्याने आपल्यासाठी आपले दुःख लपवावे, हा शेजार खरा नव्हे.

त्याच हिवाळ्यात मुलीला आम्ही दुसरीही बाजू सांगितली. देवघरजवळच्या मराठी घराण्यात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊसकरांनी 1904 साली 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिले. स्वदेशीच्या चळवळीत ते इतके गाजले की सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. उलट दिशेनेही पाहा. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ, पहिले हिंदी सनदी अधिकारी, मुंबई इलाख्यात चाकरी करून 1897 मध्ये आमच्या साताऱ्यातच न्यायाधीशपदावरून निवृत्त झाले, आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. स्वारांनी केलेली जखम भरून काढण्याचे काम अशा बदलीच्या आणि बिऱ्हाडाच्या माणसांनी केले आहे.

रविवारी डबा बांधून आम्ही आसपास हिंडत असू. बजबजच्या पलीकडे अछिपूर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून तेथे साखरेचा कारखाना काढणाऱ्या आछू या चिनी गृहस्थाच्या नावावरून ते गाव ओळखले जाते. नदीकाठी त्याची समाधी आहे. चिनी नववर्षानंतर कोलकात्यातील चिनी कुटुंबे मुलाबाळांसह तेथे येतात. खुद्द बजबजमध्ये कोमागाटा मारूचे स्मारक आहे. व्हँकुव्हरच्या बंदरातून परत लावलेले ते जहाज सप्टेंबर 1914 मध्ये येथे आले. 29 तारखेला उतारूंवर गोळीबार झाला आणि मायदेशाच्या किनाऱ्यावरच कित्येकांनी प्राण सोडले. 1952 साली पंडित नेहरूंनी त्या स्मारकाचे उद्घाटन केले. पुढे 2013 मध्ये रेल्वे स्थानकालाही त्या जहाजाचे नाव मिळाले. परक्या भूमीत कोणास थारा मिळतो आणि कोणास स्वतःच्या भूमीतही मिळत नाही, हे मुलांना पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

2005 मध्ये आमची बदली झाली. मुलगी आज बंगालीही बोलते आणि आजीला मराठीत पत्रही लिहू शकते. त्याचे श्रेय रोज संध्याकाळच्या पाऊण तासाला आहे. त्या वेळात घरात मराठीच बोलावयाची आणि वाचावयाची, असा नेम होता. तरुण आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांना गावाकडची ओढ जरूर लावा, पण ज्या मातीत त्यांचे गुडघे फुटतात ती परकी आहे असे त्यांना सांगू नका. घरातील मराठी आपण सांभाळावी. दाराबाहेरचे जग मुलांना मोकळे असू द्यावे. या दोहोंत मंडळाने दुवा व्हावे, म्हणजे पुढील पन्नास वर्षांची चिंता नको.